गोळी कोणी द्यायची

हिंगणीत आनंदाबाई रस्त्यानं निघाली की दोन प्रकारची माणसं अंग चोरतात. पिणारी आणि पाजणारी. उरलेली खिडकीतून बघतात, कारण बाई काठी घेऊन निघाली म्हणजे कुठंतरी काहीतरी फुटणार, आणि फुकटचा तमाशा कोण सोडतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे हे कागदावर सगळ्यांनाच माहीत. हिंगणीत मात्र ती आनंदाबाईची चप्पल घालून फिरते, असं लोक म्हणतात. वय एकसष्ट. चढावर गुडघे कुरकुरतात, दोनदा थांबून कमरेवर हात ठेवावा लागतो. तरी महिला मंडळाच्या बारा बायका मागं घेऊन ती जंगलाच्या काठानं नाल्यात उतरते, मोहाच्या आंबलेल्या सडव्यानं भरलेले निळे ड्रम काठीनं आडवे करते, आणि वर येऊन धापा टाकत म्हणते, "पानी दे वो कोनी."

मंडळ काढलं त्याला वीस वर्षं झाली. तिचा धाकटा दीर पिऊन वावराच्या बांधावर पडला तो उठलाच नाही. तेरवी झाल्यावर आनंदाबाईनं पदर खोचला तो आजतागायत खोचलेला आहे. नवऱ्यानं, म्हणजे अण्णाजींनी, त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. अण्णाजी तसेही बोलायच्या कामात काटकसरी. लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर बोलले ते एकदम मुकेशच्या बारशाला, अशी त्यांची थट्टा गावात चालते, आणि तीही ते ऐकून घेतात.

मंडळाची एक पद्धत होती. भट्टी फोडून भागत नाही, पिणारा दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातो. म्हणून धाड पडली की गावातल्या नामांकित पिणाऱ्याला त्याच्याच घरात तीन दिवस कोंडायचं. बाहेरून कडी, आत पाणी आणि भाकर. चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर नारळ फोडून शपथ. कोंडलेल्याचे हात थरथरले, घाम सुटला, तर बायका दाराबाहेर हसायच्या, नाटक करून राह्यला म्हणायच्या. शपथ घेतलेल्यांपैकी काही पोळ्यापर्यंत टिकले, एकदोघं दिवाळीपर्यंत. मंडळाच्या लेखी ते सगळे सुटलेले.

आता यातली गंमत गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हतं. आनंदाबाईचा मुकेशच प्यायचा. आजचा नाही, दहा वर्षांचा. चौतीस वर्षांचा माणूस, हातात कसब असं की जळलेली मोटर त्याच्याकडे गेली की आठ दिवसांत विहिरीवर परत गुरगुरायची. वाइंडिंगची तार तो मोत्याच्या सरीसारखी बसवायचा. फक्त सकाळी एक ग्लास पोटात गेल्याशिवाय बोटं ऐकायची नाहीत. पंप जळालेले शेतकरी हे ओळखून होते, ते आठच्या आधी यायचेच नाहीत. आईला ही गोष्ट सगळ्यात शेवटी कळली असं कोणी समजू नये. तिला ती सगळ्यात आधी कळली होती. तिनं ती मान्य सगळ्यात शेवटी केली.

मान्य केल्यावर मात्र तिनं घरातच पोलीस चौकी टाकली. संध्याकाळी मुकेश आला की ती दारात उभी. "तोंड उघड." चौतीस वर्षांचा बाप्या शाळेतल्या पोरासारखा आ करून उभा राहायचा, आणि आई पायरीवर टाचा उंच करून वास घ्यायची. त्यानं बडीशेप खाल्ली तरी गुन्हा, विडा खाल्ला तरी गुन्हा. एकदा तळेगावच्या बाजारातून तिनं एका वैदूकडून पुडी आणली. माणसाला न सांगता जेवणात घालायची, दारूची शिसारी येते म्हणे. तिनं मुकेशच्या वरणात घातली. ताटं बदलली आणि ती पुडी अण्णाजींच्या पोटात गेली, ज्यांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. दोन दिवस ते परसात आणि खाटेवर, परसात आणि खाटेवर. तिसऱ्या दिवशी आनंदाबाईनं खरं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं झालं, पोट साफ झालं."

सून काजल या सगळ्यात फेब्रुवारीत माहेरी निघून गेली, सात वर्षांच्या समीक्षाला घेऊन. तिचं माहेर तळेगावचं, श्यामजी पंतचं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. जाताना सासूला म्हणाली, "आई, या घरात एक माणूस चोरी करते आणि एक पहारा देते. मले दोन्ही येत नाई." आनंदाबाईला ते फार लागलं. लागलं म्हणून ती दुसऱ्या दिवशी पहाऱ्याला जरा जास्तच लवकर उभी राहिली.

एप्रिलात मोह गळला, नाल्यात भट्ट्या लागल्या, आणि मंडळानं धाड घातली. त्या वेळी बायकांपैकी कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की दुसऱ्याचे लेक कोंडता, अध्यक्षाच्या घरी कडी नाही का? म्हणणारी कोण ते आजवर कळलं नाही. बारा जणी होत्या आणि बाराही जणी दुसरीकडं बघत होत्या. आनंदाबाई तशीच घरी आली आणि तिनं मुकेशला कापसाच्या खोलीत कोंडलं. कापूस विकून झाला होता, खोली रिकामी होती. पहिल्या दिवशी तो दार ठोकत होता. दुसऱ्या दिवशी ठोकणं बंद झालं, तेव्हा तिला वाटलं, वठणीवर आला. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकर द्यायला तिनं कडी काढली तर मुकेश उघड्या भिंतीपुढं उभा राहून कापूस वेचत होता. नसलेला कापूस. दोन्ही हातांनी भराभर बोंडं वेचून कमरेच्या नसलेल्या झोळीत टाकत होता आणि पुटपुटत होता की पाऊस येते, आटपा. घामानं भिजलेला, डोळे काचेसारखे. तिनं हाक मारली तर त्यानं तिला शेजारच्या ओळीतली मजूरबाई समजून मागं सरकायला सांगितलं. आणि मग तो पडला, आणि हातपाय आखडून झटके यायला लागले.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत दुपार कलली होती. केसपेपर लिहिणारा तरुण डॉक्टर विचारत होता. ताप? उन्हात होता का? आधी कधी फिट? आणि मग त्याच आवाजात, "दारू घेतात?"

"नाई," आनंदाबाई म्हणाली.

"कधीच नाही?"

"आमच्या घरी नाई. मी दारूबंदी मंडळाची अध्यक्ष आहो."

हे कोणी विचारलं नव्हतं. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बंदी असलेल्या जिल्ह्यात सरकारी कागदावर तो शब्द चढला की तो कागद ठाण्यात जाणार, आणि ठाण्यातल्या ज्या जमादारासमोर ती छाती काढून उभी राहायची तोच तिच्या अंगणात येणार. शेजारी अण्णाजी टोपी हातात धरून उभे होते. डॉक्टरनं उष्माघात लिहिला आणि सलाइन लावलं.

दिवस मावळायच्या आत मुकेशनं सलाइनची नळी ओढून काढली आणि चादरीवरचा कापूस वेचायला सुरुवात केली. चौघांनी धरलं. तेव्हा एक बाई डॉक्टर आल्या, इला मॅडम, मनाच्या आजारांच्या विभागातल्या. पन्नाशीच्या, केस पांढरे, आवाज शांत. त्यांनी मुकेशच्या हातांकडं पाहिलं, जिभेकडं पाहिलं आणि तोच प्रश्न परत विचारला. आनंदाबाईनं तोंड उघडलं. त्याआधी अण्णाजी बोलले.

"घेते. दहा वर्षं झाले. रोज, सकाळपासून. हिनं तीन दिवसांपासून बंद केली."

संपूर्ण लग्नाच्या आयुष्यात अण्णाजींनी बायकोचा शब्द खोडला तो हा पहिला. आनंदाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर टोपीसकट विरघळला असता. अण्णाजी भिंतीवरच्या पंख्याकडं बघत राहिले.

इला मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांनी सांगितलं की हा कागद आजाराचा आहे, ठाण्यात जात नाही. आणि रोज पिणाऱ्याची दारू अशी कोंडून एका दिवसात तोडली तर तिसऱ्या दिवशी नेमकं हेच होतं. झटके, भास, कधी जीवही जातो. औषध देऊन, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन, आठ-दहा दिवसांत हळूहळू उतरवायची असते. "पुन्हा घरी असं करू नका, बाई. दुसऱ्या वेळी कदाचित इथपर्यंत येणार नाही तो."

आनंदाबाई वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली. वीस वर्षांत दाराबाहेरून ऐकलेली सगळी थरथर तिच्या कानात बसली होती. कोण कोण नाटक करत होतं, त्यांची नावं तिला पाठ होती.

नऊ दिवसांनी मुकेश दवाखान्यातून सुटला. गालफडं बसलेली, हात मात्र स्थिर. इला मॅडमनी सांगितलं की अंगातली दारू गेली, आता डोक्यातली. पुढचा उपचार कोणता घ्यायचा ते घरच्यांनी बोलून ठरवा, मंगळवारी या, तोवर या गोळ्या. आणि घरी परतताच आनंदाबाईच्या ओसरीवर सल्ल्यांचा बाजार भरला. कोणी म्हणालं, अमुक गावच्या महाराजांचा धागा. कोणी म्हणालं, शपथ, पण यावेळी मोठ्या देवळात. एकानं तर लग्न परत लावून द्या म्हटलं, त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

सगळ्यात जोर लावला तो योगेंद्रनं, आनंदाबाईच्या भाच्यानं. नागपूरला प्लॉट विकतो, आणि बोलतोही तसाच, जणू समोरचा माणूस कोपऱ्यावरचा प्लॉट सोडून चालला आहे. त्यानं मोबाइलवर एका व्यसनमुक्ती केंद्राचे फोटो दाखवले. उंच भिंत, वर तार, लोखंडी गेट, ओळीत बसून योगासनं करणारी माणसं. चार महिने. फोन नाही, भेट नाही. "मावशी, त्याले सांगायचंच नाई. तू नुसती सही करजो. गाडी येते, दोन जन उतरते, उचलून नेते. तुया डोक्याले ताप नाई."

आनंदाबाईला ते गेट फार आवडलं. तिनं फोटो मोठा करून पाहिला. कडी बाहेरून होती, पण ती लावणारा दुसरा कोणीतरी होता. आणि ती थकली होती. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी एका माणसाचं तोंड हुंगून माणूस किती थकतो ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखंही नव्हतं. तिनं अण्णाजींना विचारलं नाही. मुकेशला तर नाहीच. योगेंद्रला सांगितलं, शनिवारी पाठव.

मधला मंगळवार मात्र चुकवता येत नव्हता, गोळ्या संपत होत्या. मायलेक आणि अण्णाजी सकाळच्या एसटीनं वर्ध्याला गेले. खिडकीतून कागद मिळाला, नंबर एकेचाळीस. बाकावर जागा दिसली तिथं आनंदाबाई बसली आणि बसल्यावर तिनं बाजूला पाहिलं. शेजारी गुलाब होती. नाल्यातली गुलाब. हिचेच चार ड्रम आनंदाबाईनं पंधरा दिवसांपूर्वी आडवे केले होते.

उठावं तर दुसरी जागा नव्हती. दोघी काही वेळ समोरच्या भिंतीवरचा क्षयरोगाचा फलक वाचत बसल्या, म्हणजे आनंदाबाई वाचत होती, गुलाबला वाचता येत नाही. शेवटी गुलाबच बोलली. नवऱ्याला आणलं होतं, डोमाजीला. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून झोपला होता.

"मुकेशभाऊचं समजलं," गुलाब म्हणाली. "बरं केलं इथी आनलं."

"तुह्याच भट्टीची प्याला असंल."

"असंल. माही काय, दुसरीची काय." तिनं लाज वाटून घेतली नाही आणि रागही धरला नाही. मग तिनंच सांगितलं. डोमाजीला तिनं दोनदा गाडी बोलावून उचलून न्यायला लावलं होतं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. तिथं डॉक्टर नव्हता, पहिल्या आठवड्यात तो मरता मरता वाचला. पुढं बरा झाला, अंगानं भरला. सुटला त्या दिवशी बसस्टँडवर उतरून आधी प्याला आणि मग घरी आला.

"त्याले प्यायचं नोहतं, आनंदाबाई. त्याले मले दाखवायचं होतं. उचलून न्यायले लावलं ना मी."

"आन इथी?"

"इथी तीन महिने झाले. मधात दोनदा घसरला. पन सोताच्या पायानं येते." आणि डोमाजीकडं पाहून, "आता झोपला हाये ते वेगळं."

आनंदाबाईच्या तोंडात एक प्रश्न आला आणि तिनं तो गिळला नाही, गिळणं तिच्या स्वभावात नाही. नवरा दवाखान्यात आणि तू अजून काढते का?

"थोडी काढते," गुलाब म्हणाली. "घरी ठेवत नाई. कुठी ठेवते ते तुमाले काऊन सांगू?"

आनंदाबाईला हसू आलं. आलं ते तिनं खोकल्यात घातलं.

आत इला मॅडमनी तिघांनाही बसवलं. आनंदाबाईनं बोलायला सुरुवात केली. तिनं ऐकलं होतं की एक गोळी असते, ती घेऊन प्यालं की उलट्या होतात, जीव घाबरा होतो. तीच द्या, मी रोज माझ्या हातानं घालते, तोंड उघडून बघते, गालफडात ठेवली तर काढते. ती बराच वेळ बोलली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मुकेशकडं वळवली.

"तुम्हाला काय वाटतं?"

मुकेशनं आधी आईकडं पाहिलं. सवय. मग बापाकडं. मग टेबलाकडं. त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. शपथेच्या वेळी नाही, पुडीच्या वेळी नाही, कडी लावताना तर नाहीच.

मॅडमनी मग त्याला सगळं सोपं करून सांगितलं. उलटीची गोळी चालते, पण ती चोरून द्यायची नसते. घेणाऱ्याला पूर्ण माहीत हवं, त्यावर प्यालं तर जिवावर बेततं. दुसरी गोळी ओढ कमी करते. लिव्हरच्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत, ती देता येईल. सोबत दर मंगळवारी इथं यायचं, सुटलेल्यांच्या गटात बसायचं. आत राहून उपचार घ्यायचे तर चांगली केंद्रंही आहेत. ज्याचं घर सुटलं, काम सुटलं, जो बाहेर एक दिवस टिकत नाही, त्याला ते लागतं. पण डॉक्टर असलेलं पाहावं, माणूस स्वतः हो म्हणून जाईल असं पाहावं. मुकेशचं काम आहे, घर आहे, आणि नीट उपचाराची ही पहिलीच वेळ आहे. त्या म्हणाल्या, घराबाहेर काढण्याआधी घरात करून बघू.

मुकेश हळू बोलला. वाइंडिंग सोडता येत नाही, उन्हाळ्यात मोटरी जळतात. ओढीची गोळी घेईन. मंगळवारी येईन. गटात बसायला लाज वाटते, पण बसेन. आणि एक अट.

"फक्त गोळी मायच्या हातानं नाई घेनार."

आनंदाबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तिनं तोंडाचा वास घेनं बंद करावं," तो म्हणाला, तिच्याकडं न बघता. "मी दिवसभर नाई प्यालो तरी घरी येताना मले वाटते, प्यालोच हाओ. मंग वाटते, प्यालेलाच बरा."

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. त्यांनी फक्त विचारलं, गोळी समोर उभं राहून कोण देईल? खोलीत एकच माणूस उरला होता आणि तो टोपी कुरवाळत होता. अण्णाजी म्हणाले, "देईन."

परतीच्या एसटीत आनंदाबाई खिडकीशी बसली आणि सेलूपर्यंत एक शब्द बोलली नाही. बाईनं गप्प बसणं ही गोष्ट गावानं कधी पाहिली नव्हती. कंडक्टरनंही विचारलं, तब्येत ठीक आहे ना. ज्या मुलासाठी तिनं रोज दार अडवलं तो म्हणत होता की दार अडवल्यानं त्याचं पिणं वाढतं. हे खरं असेल तर इतकी वर्षं काय केलं तिनं? आणि खोटं असेल तर आता शनिवारी गाडी येणारच होती. हे दोन्ही विचार ती उतरेपर्यंत आलटून पालटून करत राहिली. घरी आल्यावर तिनं फोन हातात घेतला, योगेंद्रचा नंबर काढला, आणि परत ठेवून दिला. गेटाचा तो फोटो अजून फोनमध्ये होता. कोणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, मी काहीच ठरवलेलं नाई.

शनिवारी नऊच्या सुमारास पांढरी गाडी तिच्या फाटकासमोर थांबली. दोन तगडे जण उतरले. गल्लीतल्या बायकांना एकाच वेळी वाळवणं आठवली आणि सगळ्या बाहेर आल्या. मुकेश घरी नव्हता, दूरच्या एका विहिरीवर मोटर बसवायला गेला होता. त्या दोघांनी अदबीनं विचारलं, पेशंट कुठं आहे, आम्ही तिथून उचलतो, तुम्ही फक्त दाखवा.

आनंदाबाईनं दिशा दाखवायला हात उचललाच होता. हे बघणाऱ्यांनी पाहिलं. हात खांद्यापर्यंत आला, आणि मग तिनं तो तसाच डोक्यावरच्या पदराकडं नेला.

"तो कामावर गेला," ती म्हणाली.

"मावशी, तुम्हीच बोलावलं ना?"

"बोलावलं. त्याले विचारलं नोहतं." आणि दोघं नुसतेच उभे राहिले तशी तिनं ओसरीकडं बोट केलं. "बसा. उन्हात आले. चाय घ्या."

नागपूरहून पेशंट न्यायला आलेली दोन माणसं आनंदाबाईच्या ओसरीवर बसून चहा प्यायली आणि पोहे खाऊन परत गेली. योगेंद्र फोनवर तासभर ओरडत होता, असं त्याच्या आवाजावरूनच तिसऱ्या घरापर्यंत कळत होतं. आनंदाबाई फोन कानापासून लांब धरून बसली होती.

त्यानंतर घरात रोज सकाळी सातला एक विधी सुरू झाला. मुकेश चहा पिऊन ओट्यावर बसायचा. अण्णाजी डबीतून गोळी काढायचे, पाण्याचा पेला द्यायचे. "घे." मुकेश घ्यायचा. झालं. त्यात ना आ करणं, ना गालफड तपासणं. आनंदाबाई त्या वेळी चुलीशी, त्यांच्याकडं पाठ करून बसायची. मान वळू नये म्हणून ती पोळी लाटायची, आणि त्या दिवसांत तिच्या पोळ्या इतक्या पातळ झाल्या की आरपार घराचं छत दिसावं. संध्याकाळी मुकेश यायच्या वेळी ती मुद्दाम मागच्या परसात जायची. मंडळाच्या बायका विचारायला आल्या, पुढची धाड कधी. ती म्हणाली, भट्टी फोडू, पण आता कोणाला कोंडायचं नाही. ज्याचे हात थरथरतात त्याला दवाखान्यात न्यायचं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं विचारलंच, मग आधी कोंडले त्यांचं काय? अशा प्रश्नाला आनंदाबाई एरवी आवाज चढवायची. त्या दिवशी तिनं आवाज चढवला नाही.

सहाव्या आठवड्यात मुकेश काजलला आणायला तळेगावला गेला. काजल नीट बोलली, जेवू घातलं, समीक्षाला त्याच्या मांडीवर बसवलं. येते म्हणाली नाही. अजून थोडं पाहू दे म्हणाली. परतताना तो रस्त्यात उतरला आणि प्याला.

ही गोष्ट त्यानं लपवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेताना त्यानं बापाला सांगितली, हळू आवाजात, पण चुलीशी बसलेल्या माणसाला ऐकू येईल इतक्या. अण्णाजी म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळानं, "गोळी घे."

आनंदाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. ती उठली नाही.

दुपारी योगेंद्रचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी गेली ते विचारू नये, गावात काही गोष्टींना एसटी लागत नाही. तो म्हणाला, मावशी, आता तरी ऐक, दोन दिवसांनी गाडी पाठवतो, पुढच्या वेळी प्याला आणि कोंडला नाही तर मरते तो. आनंदाबाईनं ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. गेटाचा फोटो आठवला, आणि तो अजूनही तिला चांगलाच वाटला, हे खोटं सांगता येणार नाही.

"त्याले विचारते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मुकेशचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे, पत्र्याचं. बाहेर चार जळक्या मोटरी रांगेत पडल्या होत्या. मे महिन्याचं ऊन. ती तिथवर चालत गेली, वाटेत दोनदा थांबली. मुकेश जमिनीवर बसून तार गुंडाळत होता. आईला पाहून त्याचा हात आपोआप तोंडाकडं गेला आणि मध्येच थांबला.

ती दुकानाच्या बाहेरच उभी राहिली, सावली नव्हती तरी.

"योगेंद्र विचारून राह्यला," ती म्हणाली. "जायचं का तिकडे? तुले काय वाटते?"

मुकेशनं तारेचं टोक दाताखाली धरलं, दोन वेढे पूर्ण केले, मग सोडलं.

"मंगळवारी मॅडमले सांगतो, प्यालो म्हून," तो म्हणाला. "त्या काय म्हन्ते ते पाहू. तवर थांब ना, माय."

मंगळवारला चार दिवस होते. आनंदाबाईनं मान हलवली. मोटरींच्या रांगेतल्या शेवटच्या मोटरीवर, ती थंड आहे का हात लावून पाहून, ती बसली. घरी जाण्याइतकं बळ गुडघ्यांत आलं की उठणार होती. मुकेश परत तार गुंडाळायला लागला, आणि ती रस्त्याकडं बघत बसली, त्याच्या हातांकडं नाही.